वायनशालेतला दिवा : केरळची वाचनालये आणि तरुण स्वयंसेवक

१८ एप्रिल १९९१ रोजी कोझिकोडच्या मानांचिरा मैदानावर मोठा समारंभ झाला. केरळ राज्य पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा त्या दिवशी व्हायची होती. अशा घोषणा मंत्र्यांनी कराव्यात, असा आपल्याकडचा रिवाज. त्या दिवशी मात्र घोषणा केली ती मलप्पुरम जिल्ह्यातील चेलक्कोडन आयिशा यांनी. त्या नवसाक्षर होत्या. आयुष्याचा फार मोठा भाग अक्षरांवाचून काढल्यानंतर, उतारवयाकडे झुकताना त्या लिहायला-वाचायला शिकल्या होत्या. ज्यांच्यासाठी मोहीम झाली त्यांनीच तिची सांगता जाहीर करावी, हे त्या समारंभामागचे औचित्य होते.

आयिशांसारख्या लाखो प्रौढांना अक्षरे कोणी शिकवली, हा प्रश्न साहजिकच मनात येतो. शासनाने पैसा दिला, जिल्हाधिकाऱ्यांनी यंत्रणा राबवली, हे खरेच. पण संध्याकाळी कंदील घेऊन शिकणाऱ्यांच्या दारी जाणारे होते ते गावातलेच तरुण आणि तरुणी. कोणी महाविद्यालयात शिकत होते, कोणी शिक्षण संपवून नोकरीची वाट पाहत होते. त्यांना वेतन नव्हते. आता दुसरा प्रश्न येतो, आणि तो सहसा विचारला जात नाही. इतके तरुण एकाच वेळी एका कामाला लागले, ते कोठे जमत होते? त्यांना एकमेकांची ओळख कोठली? याचे उत्तर शोधायचे तर १९९१ पासून पासष्ट वर्षे मागे जावे लागते.

कुट्टनाड हा केरळचा सखल, पाणथळ प्रदेश. भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली आणि गावातून गावाला जायचे ते होडीने. या भागातील नीलम्पेरूर गावी १९०९ साली जन्मलेल्या पी. एन. पणिक्कर यांनी १९२६ मध्ये, म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षी, गावात एक वाचनालय सुरू केले. सनातन धर्म हे त्याचे नाव. पणिक्कर पुढे शाळामास्तर झाले आणि शाळामास्तराच्या चिकाटीनेच त्यांनी हे काम वाढवले. १९४५ साली अम्बलप्पुळा येथे त्यांनी त्रावणकोर संस्थानातील सत्तेचाळीस ग्रामीण वाचनालयांच्या प्रतिनिधींना एकत्र बोलावले आणि त्यांतून ग्रंथशाला संघ उभा राहिला. १९५६ मध्ये मल्याळमभाषक प्रदेश एक होऊन केरळ राज्य झाले, तेव्हा तोच संघ राज्यव्यापी झाला. पणिक्कर गावोगाव हिंडत. रस्ता असेल तेथे बसने, नसेल तेथे होडीने किंवा पायी. वाचा आणि वाढा, अशा अर्थाची त्यांची घोषणा केरळात आजही मुलांच्या तोंडी आहे. १९ जून १९९५ रोजी ते वारले. तो दिवस केरळात वाचन दिन म्हणून पाळला जातो.

मराठी वाचकाला येथे बडोद्याची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर सार्वजनिक वाचनालयांची योजना आखली. गावाने वर्गणीतून जेवढी रक्कम जमवावी तेवढीच दरबाराने आणि तेवढीच स्थानिक मंडळाने घालावी, असा तिचा नियम होता. जेथे वाचनालय उभे राहणे शक्य नव्हते तेथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून पाठवली जात. शिकलेला माणूस वाचनाअभावी पुन्हा निरक्षर होतो, हे महाराजांनी पुरते ओळखले होते. बडोद्यात मात्र योजनेचा उगम राजवाड्यात झाला. कुट्टनाडात तो एका सतरा वर्षांच्या मुलाच्या मनात झाला. दोन्ही वाटा आदरणीय आहेत. परंतु दुसऱ्या वाटेने आलेली संस्था गावाला आपली वाटते, तिचे छप्पर गळू लागले की गावच धावते, आणि तिचे हिशेबही गावच चव्हाट्यावर मागते.

वायनशाला म्हणजे नेमके काय, हे केरळबाहेरच्या माणसाला थोडे सविस्तर सांगायला हवे. ‘वायन’ म्हणजे वाचन. सर्वसाधारण वायनशाला म्हणजे एक-दोन खोल्यांची कौलारू इमारत, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात लांब बाके आणि मेजावर चार-सहा वर्तमानपत्रे. मागच्या खोलीत पुस्तकांची कपाटे. जागा कोणीतरी दिलेली, भिंती श्रमदानाने उठलेल्या, लाकूड कोणाच्या तरी बागेतल्या फणसाचे. दिवसभर ती बहुधा बंद असते, कारण तिचे वाचक शेतात, काथ्याच्या कामावर किंवा मासेमारीला गेलेले असतात. संध्याकाळी दिवा लागला की माणसे येऊ लागतात. वर्तमानपत्राची पाने सुटी करून वाटून घेतली जातात. ज्याला वाचता येत नाही तो वाचणाऱ्याजवळ बसतो. वाचून झाले की वाद सुरू होतो, आणि केरळातील वाद लवकर संपत नाही! नाटकाच्या तालमी तेथेच, फुटबॉलच्या संघाची निवड तेथेच, ओणमच्या स्पर्धांचे बेतही तेथेच. कोणाच्या घरी आजारपण आले, कोणाची होडी बुडाली, याची वार्ता प्रथम तेथेच पोहोचते आणि मदतीची वर्गणीही तेथूनच निघते.

ऐकून शिकण्याची ही रीत वायनशालेपुरती नव्हती. उत्तरेकडील कण्णूर भागातल्या विडी कामगारांत एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी विड्या वळता वळता ऐकायचे आणि वाचणाऱ्याच्या वाट्याच्या विड्या सगळ्यांनी मिळून वळून द्यायच्या, असा प्रघात होता. १९६९ साली तेथे विडी कामगारांची दिनेश ही सहकारी संस्था स्थापन झाली, तिच्या कार्यशाळांतही ही प्रथा चालू राहिली. ज्याला अक्षर येत नाही पण ज्याने दहा वर्षे रोजचे वर्तमानपत्र ऐकले आहे, तो माणूस अडाणी म्हणता येत नाही. त्याच्यापुढे प्राथमिक पुस्तक ठेवले की तो केवळ अक्षरे शिकतो. जग त्याला आधीच ठाऊक असते.

त्या बाकांचे आणखी एक मोल होते. केरळातील जातिभेद भारतातल्या कोणत्याही प्रांतापेक्षा सौम्य नव्हता. स्पर्शाचाच नव्हे, तर ठरावीक अंतराच्या आत येण्याचाही विटाळ तेथे मानला जात असे. नारायण गुरूंनी शिक्षणाचा आग्रह धरला, अय्यंकाळींनी दलित मुलांच्या शाळाप्रवेशासाठी लढा दिला, आणि १९१७ साली वैपीन बेटावरील चेराई येथे सहोदरन अय्यप्पन यांनी सहभोजन घडवून समाजाचा रोष ओढवून घेतला. १९२४-२५ चा वैकमचा सत्याग्रह देवळाच्या प्रवेशासाठीही नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालता यावे एवढ्यासाठी होता. अशा समाजात एका बाकावर बसून एकच वर्तमानपत्र पानापानाने वाटून घेणे ही लहान गोष्ट नव्हे. सगळ्याच वायनशाला पहिल्या दिवसापासून सर्वांना खुल्या होत्या, असे मानणे भाबडेपणाचे होईल. जातीजातींच्या संस्थांनी चालवलेलीही वाचनालये होती, आणि व्हरांड्यातील बाकांवर स्त्रिया फार उशिरा दिसू लागल्या. पण रस्ता आणि विहीर यांच्यापेक्षा पुस्तकाच्या मेजाशी भेद लवकर सैल झाला, एवढे खात्रीने म्हणता येते.

१९७५ साली केरळच्या ग्रंथशाला संघाला युनेस्कोचा क्रुप्स्काया पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी शासनाने संघाचा कारभार हाती घेतला आणि पणिक्करांचे सचिवपद गेले. बत्तीस वर्षे जे काम उभे केले त्यातून बाहेर पडावे लागल्यावर दुसरा एखादा घरी बसला असता. पणिक्करांनी त्याच वर्षी अनौपचारिक शिक्षणासाठी ‘कान्फेड’ ही नवी संस्था काढली आणि प्रौढ निरक्षरांकडे मोर्चा वळवला. इमारती झाल्या, पुस्तके आली. पण त्या व्हरांड्यात जे अजूनही केवळ ऐकायला बसत होते, त्यांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता.

याच सुमारास केरळात दुसरा एक प्रवाह बळ धरीत होता. १९६२ साली कोझिकोड येथे काही विज्ञानलेखकांनी केरळ शास्त्र साहित्य परिषद स्थापन केली होती. आरंभी तिचा हेतू मल्याळममध्ये विज्ञानविषयक लेखन व्हावे एवढाच होता. हळूहळू शिक्षक, अभियंते, विद्यार्थी तिच्यात आले आणि पुस्तके छापून थांबण्याऐवजी ती लोकांपर्यंत नेण्याचे काम सुरू झाले. १९८० पासून परिषदेचे कलाजथे गावोगाव फिरू लागले. तरुण मुले-मुली पदरचा वेळ घालून गाणी आणि पथनाट्ये बसवीत, आणि चौकात, बाजारात, शाळेच्या पटांगणात ती सादर करीत. या जथ्यांची सोय गावात करायची कोणी? बहुतेक ठिकाणी ती वायनशालेच्या मंडळींनी केली. पुढच्या मोहिमेची तालीमच जणू त्या दहा वर्षांत होत होती.

विद्यार्थ्यांच्या बाजूनेही तयारी झाली होती. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आज बहुतेक पालकांना ती महाविद्यालयातील दहा दिवसांचे शिबिर आणि काही वाढीव गुण एवढ्यापुरतीच आठवते, आणि त्यात सगळा दोष विद्यार्थ्यांचा नाही. रस्ता झाडून परतायचे, एवढेच काम पुष्कळ ठिकाणी त्यांच्या वाट्याला आले. कोट्टयममध्ये मात्र तसे झाले नाही. तेथील महात्मा गांधी विद्यापीठाच्या सेवा योजनेने नगरपालिकेच्या साहाय्याने सगळे शहर साक्षर करण्याचे मनावर घेतले. ‘संस्कार’ या कादंबरीमुळे मराठी वाचकांनाही परिचित असलेले कन्नड लेखक यू. आर. अनंतमूर्ती त्या काळी या विद्यापीठाचे कुलगुरू होते. विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन निरक्षरांच्या याद्या केल्या, आणि जो ज्या वस्तीतला त्याला त्याच वस्तीतील माणसे शिकवायला दिली. २५ जून १९८९ रोजी कोट्टयम हे देशातील पहिले पूर्ण साक्षर शहर म्हणून जाहीर झाले.

एका शहराला जे साधले ते संपूर्ण जिल्ह्याला साधेल का, याची परीक्षा शेजारच्या एर्नाकुलम जिल्ह्यात चालू होती. २६ जानेवारी १९८९ रोजी जिल्हा प्रशासन आणि शास्त्र साहित्य परिषद यांनी मिळून तेथे मोहिमेचा आरंभ केला. जिल्हाधिकारी के. आर. राजन हे स्वतः तिच्यात उतरले होते. घरोघरच्या पाहणीत दीड लाखांहून अधिक निरक्षर आढळले. त्यांना शिकवायला सुमारे वीस हजार स्वयंसेवक पुढे आले. त्यांत तरुणांचा आणि त्यातही मुलींचा भरणा मोठा होता.

या आकड्यांमागचे काम किती बारकाईचे होते, हे समजून घेण्यासारखे आहे. पहिली अडचण लाजेची. पन्नाशीच्या माणसाने नातीच्या वयाच्या मुलीपुढे पाटी धरून बसायचे, हे सोपे नाही. म्हणून वर्ग शाळेत भरवले नाहीत. कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या गोठ्याशेजारी, मच्छीमारांच्या वाडीत जाळी वाळत घालण्याच्या जागी, आठ-दहा जणांचे वर्ग भरले. वेळ शिकणाऱ्याने ठरवायची. समुद्रावर जाणाऱ्यांची वेळ निराळी, मजुरीला जाणाऱ्या बायकांची निराळी. मुलींना रात्री परत पोचवण्याची जबाबदारी वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी घ्यायची. दुसरी अडचण कोणाच्याच ध्यानी आली नव्हती. पुष्कळ प्रौढ शिकेनात, फळ्याकडे पाहून गोंधळू लागले, तेव्हा कळले की त्यांना अक्षरे समजत नव्हती असे नव्हे, ती दिसतच नव्हती. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला जवळचे पाहायला चष्मा लागतो, आणि ज्याने कधी वाचलेच नाही त्याला चष्म्याची गरज तरी कशी कळावी? मग नेत्रतपासणीची शिबिरे झाली, आणि लोकांनी घरात पडून असलेले जुने चष्मे द्यावेत, असे आवाहन करण्यात आले. चष्मे आले, तपासून ज्याचे त्याला दिले गेले. डोळ्यांसमोरचे धुके दूर झाले तशी शिकण्याची गतीही वाढली. हा शोध कोणत्याही तज्ज्ञ समितीच्या अहवालात लागला नव्हता. रोज संध्याकाळी त्याच माणसासमोर बसणाऱ्या तरुणांना तो लागला.

राष्ट्रीय साक्षरता मिशनने साक्षर कोणाला म्हणावे याची कसोटी ठरवली होती. साधा मजकूर मिनिटाला तीस शब्द या वेगाने वाचता यावा, मिनिटाला सात शब्द पाहून लिहिता यावेत, शंभरपर्यंतचे अंक ओळखता यावेत, अशा स्वरूपाची ती होती. एर्नाकुलममध्ये सव्वा लाखांहून अधिक माणसे चाचणीत उतरली, आणि ४ फेब्रुवारी १९९० रोजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग यांनी एर्नाकुलम हा देशातील पहिला पूर्ण साक्षर जिल्हा असल्याचे जाहीर केले. ज्या चेराईत सहभोजनासाठी सहोदरन अय्यप्पन यांना शिव्याशाप सोसावे लागले होते ते गाव याच जिल्ह्यातले. त्याच वर्षी परिषदेला युनेस्कोचा किंग सेजाँग साक्षरता पुरस्कार मिळाला आणि मोहीम राज्यभर पसरली. ‘पूर्ण साक्षर’ या शब्दाचा अर्थ शंभरात शंभर असा घ्यायचा नसतो, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. १९९१ च्या जनगणनेत केरळचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे नव्वद टक्के होते; त्या वेळी सगळ्या देशाचे प्रमाण जेमतेम बावन्न टक्के होते.

स्थानिक माणसाला याचा लाभ काय झाला? बसची पाटी वाचता येणे, शिधापत्रिकेवरची नोंद तपासता येणे, मजुरीच्या कागदावर अंगठ्याऐवजी सही करणे, परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे न लागणे, हे लाभ उघडच आहेत. केरळातून आखाती देशांत गेलेल्यांची संख्या पाहता त्या शेवटच्या लाभाचे मोल केवढे, हे कोणत्याही आईला सांगावे लागणार नाही. घरातले गुपित घरातच राहू लागले, ही गोष्ट कोणत्याही आकडेवारीत येत नाही.

एर्नाकुलमचा अनुभव देशभर गेला. भारत ज्ञान विज्ञान समितीने १९९० मध्ये राज्याराज्यांतून कलाजथे काढले आणि शेकडो जिल्ह्यांत मोहिमा सुरू झाल्या. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै या कोरडवाहू, गरीब जिल्ह्यात १९९१ साली ‘अरिवोळी’, म्हणजे ज्ञानप्रकाश, या नावाने मोहीम निघाली. शीला राणी चुंकत तेथे जिल्हाधिकारी होत्या. मोहिमेत काम करणाऱ्या मुलींना वर्गावर जायला वाहन नव्हते, म्हणून त्यांना सायकल शिकवावी, असा विचार पुढे आला. आणि मग शिकणाऱ्या बायकांनीही सायकलचा हट्ट धरला. खडी फोडणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या बायका साडी खोचून सायकल शिकू लागल्या. बायकांसाठीच्या सायकली दुकानांत मिळेनाशा झाल्या, तेव्हा त्या पुरुषांच्या सायकली चालवू लागल्या. पाणी आणणे, माल बाजारात नेणे, मुलाला शाळेत सोडणे ही कामे आता नवऱ्याच्या किंवा बसच्या वेळेवर अडून राहीनात. पुरुषांनी टिंगल केली, पण ती फार काळ टिकली नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी या सायकलस्वार स्त्रियांवर लिहिले, त्यामुळे ही हकीकत जगभर पोहोचली.

आंध्रातील नेल्लोर जिल्ह्यात तर वर्गातूनच आंदोलन उभे राहिले. दुबगुंटा गावात साक्षरतेच्या रात्रवर्गाला येणाऱ्या बायकांनी पुस्तकात एका स्त्रीची गोष्ट वाचली. तिचे घर नवऱ्याच्या दारूपायी उद्ध्वस्त झाले होते. गोष्ट वाचून बायका गप्प बसल्या नाहीत. त्यांनी गावातले अरकचे दुकान बंद पाडले. गावागावांत हे लोण पसरले, अरकचे लिलाव रोखले गेले, आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये आंध्र शासनाला अरकवर राज्यभर बंदी घालावी लागली. १९९५ च्या जानेवारीत संपूर्ण दारूबंदी आली. ती दोनच वर्षांनी शिथिल झाली, हेही नमूद केले पाहिजे. शिकवायला आलेल्या तरुणांनी यात नेतृत्व केले नाही. त्यांनी बायकांना रोज एका जागी जमवले, आणि पुढचे बायकांनीच केले.

असे यश सगळीकडे मिळाले नाही, आणि जेथे मिळाले तेथेही ते सारखे टिकले नाही. याचा धडा खरे तर महाराष्ट्राकडे आधीपासूनच होता. १९५९ साली साताऱ्यातून सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम त्या काळातील विलक्षण उपक्रम होती. शिक्षक आणि शिकलेले तरुण गाव साक्षर करीत, मग ग्रामगौरव समारंभ होई, गुढ्या-तोरणे लागत. पण समारंभानंतर हातात पुस्तक येण्याची सोय नव्हती तेथे पुष्कळ नवसाक्षर काही वर्षांत अक्षरे विसरले. १९९० नंतरच्या अनेक जिल्ह्यांतही तेच झाले. स्वयंसेवक मुलींची लग्ने झाली, मुलगे नोकरीसाठी शहरात गेले, वर्ग थांबले. तरुणांचा उत्साह हा असाच असतो. तो भरतीसारखा येतो, आणि ओसरला म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. केरळात ओहोटीच्या काळातही वायनशालेचा दिवा संध्याकाळी लागतच राहिला, आणि आयिशांच्या शेजारणींना जाऊन बसायला, वर्तमानपत्र चाळायला जागा उरली. १९८९ मध्ये केरळात सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर गोळा होऊ लागला. आज राज्य ग्रंथालय परिषदेशी नऊ हजारांहून अधिक वाचनालये जोडलेली आहेत. त्यांपैकी पुष्कळांत आता तरुण मुले स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत बसलेली दिसतात, कादंबऱ्यांच्या कपाटाकडे त्यांचे लक्ष नसते, अशी जुन्या मंडळींची तक्रार असते. तक्रार खरी असेल; पण ती मुले तेथे येत आहेत, हे काय थोडे झाले?

एक उणीव मात्र डोळ्यांआड करता येणार नाही. २०११ च्या जनगणनेत केरळचे साक्षरतेचे प्रमाण ९४ टक्के होते, तर तेथील अनुसूचित जमातींचे सुमारे ७६ टक्के. वायनाडच्या डोंगरातील पणिया लोक घरी पणिया बोलतात. शाळा आणि साक्षरतेचे वर्ग त्यांना मल्याळममध्ये भेटले. ज्या भाषेत आईने हाक मारली त्या भाषेचे अक्षर कोठेच नाही, अशा माणसाला शिकणे दुप्पट जड जाते. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्यांना, आणि तेथे मुले पाठवणाऱ्या पालकांना, हे अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही. परप्रांतात मराठी माणूस स्थिरावला की तो पुष्कळदा प्रथम मंडळ काढतो, गणपती बसवतो, एखाद्या खोलीत पुस्तकांचे कपाट मांडतो. त्या खोलीला त्याने कधी समाजकेंद्र असे भारदस्त नाव दिले नाही. पण नव्याने आलेल्या कुटुंबाला घर शोधून देणे, आजाऱ्याला रुग्णालयात नेणे, मुलांना सुट्टीत आपल्या भाषेतले नाटक शिकवणे, ही कामे याच खोलीतून झाली, आणि ती बहुतेक वेळा वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींनी केली. आज अशा अनेक खोल्या महिन्यातून एकदाच उघडतात. कुलपाच्या किल्ल्या साठी-सत्तरीच्या हातांत आहेत, आणि तरुणांना त्या मागाव्याशा वाटत नाहीत किंवा कोणी त्यांना देत नाही, यांतले खरे काय ते ज्याचे त्याने तपासावे.

केरळातील साक्षरतेचे काम १९९१ च्या घोषणेबरोबर संपले नाही. ज्यांची अक्षरे राहून गेली होती त्यांच्यासाठी २०१८ साली राज्य साक्षरता मिशनने ‘अक्षरलक्षम्’ ही परीक्षा घेतली. परीक्षेला बसलेल्यांत आलप्पुळा जिल्ह्यातील चेप्पाड गावच्या कार्त्यायनी अम्मा होत्या, वय वर्षे ९६. लहानपणी त्यांना शाळा मिळाली नव्हती. आयुष्य देवळांत झाडलोट करण्यात गेले होते. परीक्षेची तयारी त्यांच्याकडून करून घेतली ती साक्षरता केंद्राच्या कार्यकर्तीने आणि घरातल्या शाळकरी पतवंडांनी. कार्त्यायनी अम्मांना शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले. २०२० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा नारीशक्ती पुरस्काराने गौरव झाला. निकाल लागल्यावर आता पुढे काय, असे त्यांना विचारले तेव्हा आपल्याला संगणक शिकायचा आहे, असे त्या म्हणाल्या. राज्याच्या शिक्षणमंत्र्यांनी त्यांच्या घरी जाऊन त्यांना लॅपटॉप भेट दिला.